इंजिन थांबलं की पंप थांबला पाहिजे

पोफळी मागे टाकून कुंभार्ली घाट चढायला लागलो की तिसऱ्या-चौथ्या वळणावर आमच्या प्रीमियर पद्मिनी गाडीला, म्हणजे जुन्या फियाटला, धाप लागायची. ॲक्सिलरेटर दाबला तरी ओढ नाही, मग दोन-तीन झटके, मग शांतता. बाबा गाडी कडेला घेऊन बॉनेट उघडायचे आणि आई मागच्या सीटवरून न बोलता पाण्याची बाटली आणि पंचा पुढे करायची. ओला पंचा पेट्रोलच्या पंपाभोवती गुंडाळायचा, वीस मिनिटं सावली शोधायची, सेल्फ मारायचा. चिपळूणहून कराडमार्गे पुण्याला परतताना मे महिन्यात हे ठरलेलं. लहानपणी मला तो प्रवासाचाच भाग वाटायचा.

गाडी १९८८ची, कुर्ल्याच्या प्रीमियरच्या कारखान्यातून आलेली, १०८९ सीसीचं इंजिन. बाबांनी ती नवी घेतली आणि अजून तेच चालवतात. मी फक्त दुरुस्तीला हात लावतो, तोही त्यांना विचारून. म्हणून पेट्रोलचा जुना पंप काढून इलेक्ट्रिक पंप बसवायचा विषय काढायला मला दोन वर्षं लागली.

निमित्त घडलं ते डिपस्टिकमुळे. एका रविवारी ऑइल बघायला कांडी ओढली, तर पातळी खुणेच्या वर आणि कांडीला पेट्रोलचा वास. एसी पंपाचा पडदा फाटला होता. (मेकॅनिकल पंपाला आपल्याकडचे मेकॅनिक एसी पंपच म्हणतात.) हा पंप इंजिनच्या अंगालाच बसलेला असतो. कॅमशाफ्टच्या ढकलण्याने आतला रबरी पडदा वरखाली होतो आणि मागच्या टाकीतून पेट्रोल ओढतो. पडदा फाटला की तेच पेट्रोल खाली ऑइलमध्ये उतरतं. ऑइल पातळ होतं, बेअरिंगं खायला लागतं. पडदा बदलला. आठ महिन्यांत तो कडक होऊन पुन्हा झिरपायला लागला. आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं आणि जुन्या पद्धतीच्या रबराला ते मानवत नाही. मुंबईत ३० ऑक्टोबर २०२३ पासून पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून अधिकृतपणे गेल्या. त्यानंतर तर चांगलं किट मिळवायला मला प्रत्येक वेळी चार दुकानं फिरावी लागली.

घाटातल्या धापेचं कारणही हाच पंप. तो गरम इंजिनला चिकटून बसतो आणि तीन मीटर लांबून पेट्रोल ओढतो. ओढताना पाइपातला दाब कमी होतो, आणि दाब कमी झाला की पेट्रोल कमी तापमानालाच उकळतं. एकदा पाइपात वाफ झाली की पडदा नुसती वाफ दाबत-सोडत बसतो, पुढे थेंब जात नाही. पंप टाकीजवळ, थंड जागी बसवून पेट्रोल मागून पुढे ढकललं तर पाइपात दाब राहतो आणि वाफ सहजी धरत नाही.

हे सगळं मी बाबांना कागदावर काढून दाखवलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि एकच गोष्ट विचारली.

"समजा धडक बसली. इंजिन बंद पडलं, चावी ऑनच राहिली. हा तुझा पंप काय करणार?"

चालत राहणार, मी म्हटलं.

"म्हणजे पाइप तुटला असेल तर रस्त्यावर पेट्रोल ओतत राहणार. जुना पंप कसा का असेना, इंजिन थांबलं की थांबतो. नवा पंपही तसाच थांबणार असेल तर बसव. नाहीतर आपला पंचा बरा."

त्यांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं. माझ्या डोक्यात तोवर पंप चालू कसा करायचा एवढंच होतं, आणि ते सोपं आहे. लाल वायरीला बॅटरीचा पॉझिटिव्ह, काळ्याला बॉडी. पुढचे दोन महिने गेले ते पंप थांबवायची वायरिंग शिकण्यात.

आधी पंप. नाना पेठेत ज्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे आम्ही डायनॅमो नेतो, ते काका म्हणाले, "दादा, इंजेक्शनच्या गाडीचा सेकंडहँड पंप लावून देतो, आयुष्यभर बघायला नको." त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं, पण इंजेक्शनचा पंप चाळीस पीएसआयच्या (पीएसआय म्हणजे दाब मोजायचं एकक) पुढे दाब देतो. आमच्या सोलेक्स कार्बोरेटरमध्ये फ्लोट, म्हणजे पेट्रोलवर तरंगणारा डबा, एका सुईने पेट्रोल अडवतो, आणि ही सुई तीन-चार पीएसआयच्या वर पेट्रोल अडवूच शकत नाही. मग कार्बोरेटर ओसंडतो, आणि खाली तापलेला मॅनिफोल्ड असतो. मी कार्बोरेटरसाठीच बनवलेला, दीड ते चार पीएसआयचा, छोटा डब्यासारखा सॉलिड-स्टेट पंप मागवला. प्रवाहाची काळजी नव्हती. ताशी साठ किलोमीटरने जाताना आमची गाडी तासाला पाच लिटर पेट्रोल पिते. हा पंप मी बादलीत चालवून पाहिला, तर अर्धा लिटर तीस सेकंदांत आलं, म्हणजे तासाला साठ लिटर. असे पंप ढकलायला चांगले आणि ओढायला कमजोर असतात, म्हणून ते टाकीच्या जवळ आणि टाकीच्या पातळीखाली बसवायचे. अजून एक गोष्ट तपासायची: गाडी निगेटिव्ह अर्थ आहे की नाही, म्हणजे बॅटरीचं निगेटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं आहे की नाही. फियाटची आहे. जुन्या ब्रिटिश गाड्यांपैकी बऱ्याच पॉझिटिव्ह अर्थच्या असतात आणि त्यांवर असा पंप उलटा जोडला तर आतलं सर्किट जळतं.

टाकी रिकामी केली ती मोकळ्या अंगणात, बॅटरीचं निगेटिव्ह टोक काढून, पावडरचा अग्निशामक हाताशी ठेवून. पंप डिक्कीखाली तळाच्या पत्र्याला रबरी बुशवर टांगला, कारण थेट पत्र्याला आवळला तर त्याची टिकटिक आत ढोलासारखी वाजते. टाकी आणि पंप यांच्यामध्ये फिल्टर. छत्तीस वर्षांच्या टाकीतला गंज पंपाच्या झडपांत जाऊ द्यायचा नाही. इथेनॉल सोसणारा नवा होज आणि पूर्ण गोल आवळणारे क्लिप. पुढे एसी पंप काढला आणि त्या जागी लेथवाल्याकडून कापून घेतलेली चार मिलिमीटरची ॲल्युमिनियमची पट्टी पॅकिंग घालून बसवली, नाहीतर त्या भोकातून ऑइल बाहेर येतं. एसी पंप जागेवरच ठेवून त्याच्यातूनच पेट्रोल पुढे न्यावं असं काही जण सुचवतात. मी नाही म्हटलं. तो पडदा पुन्हा फाटला तर इलेक्ट्रिक पंप दाबाने सगळं पेट्रोल ऑइलमध्येच भरेल.

आता वायरिंग. पहिल्या दिवशी नुसता अंदाज घ्यायला मी पंप जुन्या फ्यूजबॉक्सवरून चालवला, तोच चिनी मातीच्या फ्यूजांचा. बॅटरीवर साडेबारा व्होल्ट आणि पंपाच्या टोकांवर १०.६. दोन व्होल्ट वाटेतच संपले: गंजलेल्या क्लिपा, इग्निशन स्विचचे झिजलेले काँटॅक्ट, कधीतरी कोणीतरी पिळून टेप लावलेला जोड. पंप चालत होता, पण आळसावून. म्हणून ठरवलं की पंपाची वायर स्वतंत्र असेल, थेट बॅटरीपासून, आणि इग्निशनचा स्विच फक्त रिलेला, म्हणजे विजेने चालणाऱ्या स्विचला, हुकूम देईल.

रिलेच्या पायांवर आकडे असतात आणि ते जगभर सारखे असतात. ८५ आणि ८६ म्हणजे कॉइलची दोन टोकं. ३० वर वीज येते. कॉइलला प्रवाह मिळाला की ३० आणि ८७ जुळतात. पाच पायांच्या रिलेला आणखी एक पाय असतो, ८७ए, आणि तो उलट वागतो: कॉइल शांत असताना ३०ला जुळलेला, कॉइल चालू झाली की सुटलेला. आमच्या अटीचं उत्तर या पाचव्या पायात होतं.

इंजिन चालू आहे की नाही हे गाडीला आधीच माहीत असतं, कारण डॅशबोर्डवर ऑइलचा लाल दिवा असतो. ऑइल प्रेशर नसताना इंजिनवरचा स्विच बॉडीला जोडलेला असतो, म्हणून चावी फिरवली की दिवा लागतो. इंजिन सुरू झालं, प्रेशर आलं, स्विच उघडला, दिवा विझला. मी पाच पायांच्या रिलेची कॉइल या दिव्याला समांतर जोडली: ८६ इग्निशनला, ८५ ऑइलच्या स्विचला. चावी ऑन पण इंजिन बंद असेल, तर कॉइल ओढलेली, ८७ए सुटलेला, पंप गप्प. प्रेशर आलं की कॉइल सुटते, ८७ए जुळतो, पंप चालतो. थेट पंपाचा प्रवाह तोडणारा तीन टोकांचा ऑइल स्विचही असतो आणि तो जास्त सुटसुटीत, पण आमच्या इंजिनच्या आट्याचा मला मिळाला नाही.

प्रश्न उरला सुरुवातीचा. गाडी पंधरा दिवस उभी राहिली की कार्बोरेटरची पेट्रोल साठवणारी वाटी सुकते. पेट्रोल नाही म्हणून इंजिन नाही, आणि इंजिन नाही म्हणून पंप नाही. काकांनी सुचवलं की सेल्फच्या वायरीवरून पंपाला एक जोड द्या, सेल्फ मारताना पंप चालेल. हे करताना एक धोका असतो. इंजिन सुरू झाल्यावर पंपाची वीज त्याच जोडावरून उलटी सेल्फकडे जाते आणि चालत्या इंजिनवर सेल्फ पुन्हा गुंततो. मध्ये डायोड, म्हणजे वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग, घालावा लागतो. काका डायोड घालायला तयार होते, पण मला कमी गुंता हवा होता. मी दाराच्या घंटीसारखं दाबेपर्यंतच चालणारं बटण डॅशबोर्डखाली लावलं. दहा सेकंद दाबायचं, टिकटिक मंदावली की वाटी भरली, मग सेल्फ. बोट काढलं की ते बंद, चुकून चालू राहण्याची सोयच नाही.

आणि धडकेसाठी इनर्शिया स्विच. फोर्डच्या जुन्या गाड्यांत हा असायचा, मला जुन्या बाजारात एका रविवारी मिळाला. आत पोलादी गोळी असते, लोहचुंबकाने एका खोलगट जागेत धरलेली. जोराचा धक्का बसला की गोळी सुटून वर उडते आणि काँटॅक्ट तोडते. वरचं बटण दाबलं की पुन्हा जागेवर. साध्या, ८७ वापरणाऱ्या रिलेत तो कॉइलच्या अर्थमध्ये घातला तर बारीक वायर पुरते. पण धडकेत तीच वायर चेंबून बॉडीला टेकली तर रिले चालूच राहील, म्हणून मी तो पंपाच्या मुख्य वायरीतच घातला. पायाशी पुढच्या बाजूच्या पत्र्याला, उभा, घट्ट.

बॅटरीपासून एक वीत अंतरावर पाच अँपिअरचा फ्यूज. दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर दाराच्या उंबऱ्याच्या आतून, गालिच्याखालून मागे नेली. पेट्रोलच्या पाइपाशेजारून मुद्दाम नेली नाही. पत्र्यातून खाली जाते तिथे रबरी ग्रोमेट, खालच्या जोडांना थिंबल दाबून वर श्रिंक ट्यूब, कारण पावसाळ्यात त्या जागी चाकाचं पाणी सतत उडतं.

हे सगळं जोडून झालं एका शनिवारी संध्याकाळी. चावी ऑन ठेवून मी शेवटी फ्यूज बसवला. पंप गप्प. बटण दाबलं, टिकटिक. सेल्फ मारला, इंजिन सुरू, दिवा विझला, बटणाशिवाय टिकटिक. इंजिन पंधरा मिनिटं चालवलं, बंद केलं आणि समाधानाने जेवायला वर गेलो.

रात्री दहाच्या सुमारास फाटकाला कुलूप लावायला खाली आलो. रस्ता शांत झाला होता. आणि मला ऐकू आलं: टिक. थोडा वेळ काही नाही. टिक. मी डिक्कीवर हात ठेवला. पत्र्याला बारीक ठोका लागत होता. चावी माझ्या खिशात, गाडी बंद आणि पंप चालू.

फ्यूज ओढला आणि तिथेच पायरीवर बसलो. चूक सापडायला पाच मिनिटंही लागली नाहीत. ८७ए कॉइल शांत असताना जुळलेला असतो. इंजिन चालू असताना कॉइल शांत असते हे मी पकडलं होतं. पण चावी काढल्यावरही कॉइल शांतच असते, आणि मी ३० नंबर थेट बॅटरीवरून घेतला होता. तीन तास पंप फ्लोटच्या सुईवर दाब धरून बसला होता. सुई चांगली होती म्हणून काही सांडलं नाही. तिच्यात कचऱ्याचा कण अडकलेला असता तर जिन्याखाली रात्रभर पेट्रोल ठिबकलं असतं, आणि वर आम्ही सगळे झोपलेले असतो. त्या रात्री मला झोप आली नाही.

सकाळी बाबांना सांगितलं. ते रागावले नाहीत. "तू तीन परिस्थिती तपासल्यास. एकूण किती आहेत ते आधी लिही," एवढंच म्हणाले. बाबांनी आयुष्यभर कापड गिरणीच्या देखभाल खात्यात काम केलं, त्यांची सवय तशीच.

दुरुस्ती म्हणजे आणखी एक रिले, साधा, चार पायांचा. त्याचा ३० फ्यूजमधून बॅटरीला, ८६ इग्निशनला, ८५ बॉडीला. त्याच्या ८७ वरून पाच पायांच्या रिलेच्या ३०ला आणि बटणाला वीज. म्हणजे चावी काढली की पहिला रिले सुटतो आणि पुढे कुठेच वीज उरत नाही, मग ८७ए काहीही करो. चावी आहे पण प्रेशर नाही, तर दुसरा रिले अडवतो. धक्का बसला, तर इनर्शिया स्विच.

आणि मग वहीत परिस्थिती लिहून एकेक तपासली. बाबा डिक्कीवर तळहात ठेवून उभे, मी आत. चावी नाही: गप्प. चावी ऑन: गप्प, लाल दिवा लागलेला. बटण: टिकटिक. इंजिन चालू: टिकटिक. चावी काढली: गप्प. पुन्हा सुरू केली, आणि चावी ऑनच ठेवून गिअरमध्ये ब्रेकवर क्लच सोडून इंजिन पाडलं. हीच बाबांची परीक्षा होती. इंजिन थांबलं. "एक... दोन... थांबला," मागून आवाज आला. मग चालत्या इंजिनवर इनर्शिया स्विच त्याच्या ब्रॅकेटमधून काढून तळहातावर आपटला. पंप लगेच बंद. इंजिन वाटीतल्या पेट्रोलवर थोडं चाललं आणि विझलं.

ऑइलच्या स्विचवरची वायर निघून पडली तर काय, हेही त्यांनी विचारलं. मी ती ओढून दाखवली. चावी ऑन करताच पंप टिकटिकायला लागला आणि लाल दिवा लागलाच नाही. या रचनेतली ही कच्ची बाजू आहे आणि ती मी लपवत नाही: ती वायर तुटली तर पंपाला इंजिन चालू आहे असंच वाटतं. तेव्हा फक्त इनर्शिया स्विच उरतो. पण गाडी स्वतःच तसं सांगते. म्हणून आता घरात नियम आहे. चावी फिरवली की क्षणभर थांबायचं. लाल दिवा लागला पाहिजे आणि मागे शांतता असली पाहिजे. दोन्हींतलं एक जरी चुकलं तरी सेल्फ मारायचा नाही.

मोजमापं अशी: पंपावर आता १२.२ व्होल्ट, बॅटरीवर साडेबारा असताना. पहिल्यांदा ११.७ आले होते. नवी वायर असून अर्ध्या व्होल्टहून जास्त कुठे जातंय हे कळेना. शेवटी मीटरचं एक टोक पंपाच्या काळ्या वायरीला आणि दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हला लावलं तेव्हा सापडलं. अर्थचा बोल्ट मी रंगावरच आवळला होता. पत्रा घासून चकचकीत केला, दातेरी वॉशर घातला, वर ग्रीस. वायरिंगमध्ये सगळे लाल वायर तपासतात, काळीकडे कोणी बघत नाही. कार्बोरेटरपाशी दाब तीन पीएसआयच्या जरासा वर.

दोन्ही रिले, फ्यूज आणि बटण यांचा नकाशा मी जाड कागदावर काढला, वायरींचे रंग लिहिले, प्लास्टिकमध्ये घालून डिक्कीच्या झाकणाला आतून चिकटवला. उद्या दुसऱ्या कुणी हात घातला तर त्याला ८७ए दिसला पाहिजे. पुढे तीन महिने दर रविवारी खाली वाकून होजचे जोड बोटाने चाचपले, कुठे ओल नाही ना म्हणून.

यंदाच्या मे महिन्यात आम्ही चिपळूणहून भर दुपारी निघालो. पोफळीच्या पुढे बाबा नेहमीच्या वळणावर सवयीने कडेला घ्यायला लागले, मग त्यांनी गिअर खाली घेतला आणि चालवत राहिले. हेळवाकला वर पोहोचल्यावरच चहाला थांबलो. बॉनेट उघडून मी जुन्या पंपाच्या जागच्या पट्टीला बोट लावलं, चटका बसला. डिक्कीखालच्या पंपावर मात्र सगळा तळहात ठेवता आला.

आईने आणलेला पंचा कोरडाच होता. तो गाडीतच असतो. डिक्कीत बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात जुना एसी पंप, नवा पडदा घातलेला, त्याचं पॅकिंग आणि पान्याची जोडीही असते. पट्टी काढून तो अर्ध्या तासात परत बसवता येतो. होजची पुढची टोकं मी त्याच हिशोबाने लांब ठेवली आहेत.